सरोवर दर्शनचा खासगी पाऊस

सरोवर दर्शन या इमारतीतून सरोवर दिसत नाही. पूर्वेच्या खिडक्यांतून शेजारच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे दिसतात, पश्चिमेच्या खिडक्यांतून नाला दिसतो, आणि बाकीच्या दोन दिशांना बिल्डरने खिडक्या दिलेल्याच नाहीत. डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या थोडं अलीकडे, मिठागर बुजवून उभारलेल्या या इमारतीला हे नाव देताना त्या गृहस्थाच्या मनात काय होतं कोण जाणे. पण जुलै-ऑगस्टात खाडीला भरती यावी आणि त्याच वेळी वर पाऊस लागावा, म्हणजे नाल्याचं पाणी उलटं फिरतं, फाटकातून सरळ आत येतं आणि बिल्डरचा शब्द खरा होतो.

मागच्या वर्षी ते आलं भरदुपारी. तळमजल्यावर पंढरी आणि शकू राहतात. जमीन मूळची त्यांच्याच घरची, तिच्या मोबदल्यात तळमजल्याचा फ्लॅट मिळाला, तेव्हा बाकीचे म्हणाले होते, नशीबवान आहात, जिने चढायला नकोत. पुढे पंढरीला अर्धांगाचा झटका आला. आता तो पलंगावर असतो, उजवा हात तेवढा चालतो आणि बोलणं एकट्या शकूला कळतं. त्या दुपारी शकू भाजी विकायला बाजारात गेलेली. घरात पाणी शिरलं तसं पंढरीने उशाशी असलेला स्टीलचा पेला उचलला आणि पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवायला सुरुवात केली.

तो आवाज दुसऱ्या मजल्यावर सोसायटीचे सचिव मारुतीराव घाग यांना अगदी स्वच्छ ऐकू आला. ते वामकुक्षी घेत होते. आधी त्यांनी कूस बदलली, मग उशी कानावर घेतली, आणि शेवटी संतापून उठून एक सूचना लिहिली : 'दुपारी विश्रांतीच्या वेळेत कोणीही ठोकाठोक करू नये. आज्ञेवरून, सचिव.' ती फलकावर लावायला ते खाली उतरले, तर शेवटच्या पायऱ्या पाण्यात होत्या आणि पेल्याचा आवाज पंढरीच्या दारामागून येत होता. दार तोडून त्याला बाहेर काढलं तेव्हा गादी भिजत आली होती. एवढ्या धांदलीतही सूचनेचा कागद मारुतीरावांच्या मुठीत तसाच होता, आणि तो खाली पडल्यावर ज्याने उचलला त्याने मोठ्याने वाचला.

मारुतीरावांची उभी नोकरी वजनमापे खात्यात गेलेली. किराणा दुकानात शिरून तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंच शोधणारा हा माणूस. बायको आमटीत मीठ 'अंदाजाने' घातलं म्हणाली तरी त्यांच्या कपाळावर आठी पडायची. मोजल्याशिवाय बोलू नये, हे त्यांचं तत्त्व. त्या दिवसानंतर जिन्यात शकू समोर आली की ते चष्मा पुसायला लागत. शेवटी एकदा न राहवून म्हणाले, "शकू, पुढच्या वेळी पाणी फाटकात यायच्या आधी तुला कळेल. माझा शब्द आहे." शकूने भाजीची टोपली डोक्यावर घेतली, "बरा काका," म्हणाली आणि गेली. तिचा विश्वास बसला की नाही, हे मोजायचं साधन मारुतीरावांपाशी नव्हतं.

तर अशा रीतीने सरोवर दर्शनमध्ये हवामान आणि जलमापनाचं आधुनिक युग सुरू झालं. घोडबंदर रोडवर छोटंसं ऑफिस थाटलेल्या कृतिका नावाच्या इंजिनियर मुलीचा पत्ता कुणीतरी दिला. तिने तीन वस्तू सांगितल्या : गच्चीवर पाऊस मोजणारं भांडं, नाल्यावर पाण्याची उंची बघणारा डोळा, आणि टाकीवर भोंगा. सोसायटीच्या सभेत त्यावर जी चर्चा झाली तिच्यात पाऊस सोडून सगळं आलं. कुणी म्हणालं, त्यापेक्षा जिन्यातला दिवा दुरुस्त करा. पहिल्या मजल्यावरच्या सुमेधाताई म्हणाल्या, मुंग्यांकडे बघत जा, मुंग्या अंडी घेऊन वर चढल्या की समजावं. अध्यक्ष राजरत्न, जो स्वतः घोडबंदरच्याच एका आयटी कंपनीत जातो आणि रोजचे कित्येक तास ट्रॅफिकमध्ये घालवतो, एवढंच म्हणाला, "घागकाका, करा तुम्ही, पण माझ्या पार्किंगमध्ये वायर नको." याला मारुतीरावांनी एकमुखी पाठिंबा म्हणून इतिवृत्तात नोंदवलं.

मग परवानगी. नाल्यावर यंत्र लावायचं तर नाला कुणाचा, हे आधी ठरायला हवं. पहिल्या कार्यालयाने सांगितलं, नाला आमचा, पण त्यातलं पाणी आमचं नाही. दुसरीकडे कळलं की पाणी त्यांचं आहे, पण भरतीच्या वेळचं नाही, कारण तेव्हा त्याची खाडी होते. तिसऱ्या कार्यालयातला मनुष्य सज्जन होता. त्याने चहा पाजला आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या स्वतःच्या कंपाउंडच्या भिंतीवर लावा आणि यंत्राला खाली बघू द्या. बघायला परवानगी लागत नाही." मारुतीराव सरकारी माणूस असूनही त्यांना हा तोडगा फार आवडला.

कृतिकाने तिन्ही वस्तू बसवून दिल्या. गच्चीवरचं भांडं देखणं होतं. पांढरं शुभ्र, कमरेइतक्या उंच खांबावर बसवलेलं, वर नरसाळं, नरसाळ्यात बारीक जाळी, आणि आत एक चिमुकला सीसॉ. पाणी साचलं की तो कलंडतो आणि कलंडला की मोबाइलवर आकडा येतो. मारुतीरावांनी ते भांडं बायकोला, प्रमोदिनीबाईंना, गच्चीवर नेऊन दाखवलं. "यात पडलेला एकही थेंब वाया जात नाही," ते भारावून म्हणाले. "प्रत्येक थेंबाची वर नोंद होते." वर म्हणजे इंटरनेटवर, असं त्यांना म्हणायचं होतं.

एका गोष्टीवरून मात्र कृतिकाशी त्यांची शाब्दिक चकमक झाली. तिचं म्हणणं, भांडं आणि डोळा दोघांनी धोका सांगितला तरच भोंगा वाजावा. मारुतीराव म्हणाले, "एकाने सांगितलं तरी वाजला पाहिजे. दुसरा कबूल होईपर्यंत माझा माणूस बुडेल." माझा माणूस हे ते कुणाबद्दल बोलतात, ते तिला ठाऊक नव्हतं. तिने ते म्हणतील तसं जोडायचं कबूल केलं, पण आधी काही दिवस भोंग्याशिवाय चाचणी घेऊ म्हणाली.

चाचणीत एक चमत्कार उघडकीला आला. सरोवर दर्शनच्या गच्चीवर रोज सूर्योदयाच्या सुमारास पाऊस पडत होता. जेमतेम मिनिटभर, पण चांगला जोरदार, आणि फक्त सरोवर दर्शनवर. मारुतीराव त्या वेळी फिरायला गेलेले असत. रस्ता कोरडा, आकाश कोरडं, आणि मोबाइलवर मात्र पाऊस. दुसऱ्या कुणी गच्चीवर जाऊन बघितलं असतं. पण ज्याने जन्मभर डोळ्यांपेक्षा काट्यावर विश्वास ठेवला, तो जाऊन काय बघणार? कृतिका फोनवर म्हणाली, "काका, बाहेरचं पाणी येतंय कुठूनतरी. टाकी ओव्हरफ्लो होतेय का बघा ना." मारुतीराव दुखावले. टाकी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला होती. खाडीवरचं बाष्प, नाल्याची ऊब आणि इमारतीची उंची यांच्या संगमातून हा 'पहाटपाऊस' जन्म घेतो, असा सिद्धान्त त्यांनी मांडला, ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर त्याचं व्याख्यान दिलं आणि शाल-श्रीफळ स्वीकारलं. शेजारच्या दोन इमारतींना आपल्यावर असा पाऊस पडत नाही याचं वाईटही वाटलं.

भोंगा जोडला त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले, शकूनेही एक पेढा पंढरीसाठी मागून नेला. आदल्या दिवसाच्या धांदलीमुळे मारुतीराव दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेले नव्हते. सगळे दात घासत असताना भोंगा वाजला.

त्या दिवशी सरोवर दर्शनने जी शिस्त दाखवली तिला तोड नव्हती. सुमेधाताई साखरेचा डबा पोटाशी धरून वर पळाल्या. सगळ्या गाड्या फाटकाबाहेर रस्त्यावर गेल्या. ठरल्याप्रमाणे चार पुरुषांनी पंढरीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि जिना चढायला सुरुवात केली. त्याची लुंगी सावरायला शकू मागून धावत होती, तिचे केस मोकळे, आणि पाय लटकणारा पंढरी सगळ्या उघड्या दारांमधून सगळ्यांना दिसत होता. मारुतीराव पुढे "सावकाश, सावकाश" म्हणत चालले होते. त्यांच्या आयुष्यातला तो धन्य क्षण होता. आणि या सबंध काळात एकाही माणसाने बाहेर बघितलं नाही, कारण सगळे मोबाइलवरचा आकडा बघत होते.

बघितलं ते नाक्यावरच्या चहावाल्याने. तो फाटकात येऊन विचारता झाला, "काय झालं हो? आग लागली का?" आभाळ भरलेलं होतं, पण थेंब नव्हता. नाला आपल्या जागी होता. मग कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. राजरत्न हसला नाही, कारण रस्त्यावर लावलेली त्याची गाडी तोवर टोइंगवाल्यांनी उचलून नेलेली.

पंढरीला पुन्हा खाली नेलं. खुर्ची उतरवणं चढवण्यापेक्षा अवघड असतं, आणि या वेळी चौघांपैकी दोघांना ऑफिसची घाई होती. पंढरीने मान फिरवून भिंतीकडे तोंड केलं होतं. दार लावायच्या आधी शकू म्हणाली, "काका, देवाची पालखी पन वर्सातून एकदाच उचलतान. माज्या नवऱ्याची नका करू." तिने ते रागाने म्हटलं असतं तर मारुतीरावांना सोसलं असतं.

दुपारी कृतिका घोडबंदरचं ट्रॅफिक पार करून घामाघूम होऊन आली. भांडं उघडलं. जाळीवर जास्वंदीची पाकळी होती, तुळशीचं पान होतं आणि कडेला लालसर ओघळ होता.

"पक्षी," मारुतीराव घाईने म्हणाले. "पक्षी आणून टाकतात."

कृतिकाने ओघळाला बोट लावलं आणि ते त्यांच्यासमोर धरलं. "कुंकू लावणारा पक्षी मी पहिल्यांदाच बघतेय काका."

मारुतीराव जिना उतरून घरात आले तेव्हा प्रमोदिनीबाई तांब्याचा लोटा चिंचेने घासत होत्या. त्यांचं माहेर मोहन्याचं. लहानपणी तिथे उल्हास नदीच्या काठी उभं राहून त्या सूर्याला अर्घ्य देत. लग्नानंतर ते सुटलं, ते या रथसप्तमीपासून त्यांनी पुन्हा धरलं होतं.

"अगं, पण त्या भांड्यात?"

"मग कुठे देऊ?" त्या शांतपणे म्हणाल्या. "गच्चीवर पाणी सांडायला सक्त मनाई आहे. तुमचीच पाटी आहे, आज्ञेवरून, सचिव. आधी बादलीत देत होते. मग तुम्हीच म्हणालात, यातला एकही थेंब वाया जात नाही, प्रत्येक थेंबाची वर नोंद होते. मला बरं वाटलं."

"पण हे अचानक अर्घ्य कशासाठी काढलंस?"

प्रमोदिनीबाई लोटा घासत राहिल्या. "पंढरीसाठी. सूर्य आरोग्याचा देव आहे ना. त्या दुपारी पेला मीही ऐकला होता हो. मीच तुम्हाला म्हणाले होते, जरा कडक शब्दांत लिहा."

इथे मारुतीरावांनी काय करायला हवं होतं ते कुणीही सांगेल. त्यांनी काय केलं ते सांगायलाही संकोच वाटतो. व्याख्यान, शाल, श्रीफळ आणि पहाटपाऊस हे सगळं डोळ्यांपुढे फिरलं. या सगळ्याचा उगम आपल्याच स्वयंपाकघरातल्या लोट्यात आहे, हे कळल्यावर इमारत किती दिवस हसेल, याचा हिशेब त्यांनी मनात केला. आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं : 'आज सकाळी यंत्रात तांत्रिक बिघाड झाला. कंपनीच्या निकृष्ट कामाबद्दल विचारणा करण्यात येत आहे. आज्ञेवरून, सचिव.' कृतिका गच्चीवरून उतरत होती. तिने जिन्यातच ते वाचलं, कारण ग्रुपवर तिलाही घेतलेलं होतं. घोडबंदरच्या दोन सोसायट्या सरोवर दर्शनचा अनुभव विचारून मगच तिला काम देणार होत्या, आणि हे मारुतीरावांना माहीत होतं. तिने सॅक पाठीला लावली, "येते काका," म्हणाली आणि गेली. त्या संध्याकाळी मारुतीरावांना जेवण गेलं नाही. प्रमोदिनीबाईंनी आग्रहही केला नाही.

राजरत्नच्या हुकमावरून भोंग्याची वायर काढली गेली. भांडं आणि डोळा तेवढे चालू राहिले, पण त्यांचे आकडे बघणारे एकटे मारुतीराव. शाल त्यांनी कपाटात सगळ्यात खाली ठेवली.

त्यानंतरच्या एका रविवारी, आदल्या दिवसापासून धरलेला पाऊस सकाळी थांबला. आभाळ उजळलं. लोक मटण आणायला बाहेर पडले. मारुतीराव चहा पीत होते आणि मोबाइल वाजला. भिंतीवरचा डोळा सांगत होता, नाला चढतोय. त्यांनी चहाचा घोट घेतला, तेवढ्यात तो आणखी चढला. वरच्या अंगाला कालचा पाऊस तुंबला होता आणि खाडीला भरती लागली होती.

ते अनवाणी जिना उतरले. प्रत्येक दार वाजवलं. आणि या वेळी मात्र प्रत्येक माणसाने आधी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर छान ऊन पडलं होतं.

"काका, रिलॅक्स," राजरत्न दारात उभा राहून म्हणाला. "मशीन बिघडलंय ना ते? तुम्हीच टाकलेलं ग्रुपवर."

"पाणी येतंय. पंढरीला वर घ्यायला हवं. चार जण लागतील."

"आलं तर नेऊ ना. मागच्या वेळी गाडी सोडवायला किती फिरलो मी, माहितीये?"

मारुतीराव तळमजल्यावर गेले. शकू दारात पाट टाकून भाजी निवडत होती. तिने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि दाराची चौकट धरून उभी राहिली.

"नाय काका. त्या दिसापासून तो दोन दिस जेवला नाय. पानी आला तर मी बघीन. पन तमाशा नको."

"शकू, ऐक."

"यंत्र बिघारलाय, तुमीच लिवलाव."

एव्हाना दारं वाजवल्यामुळे लोक जिन्यात आले होते. वरच्या पायऱ्यांवर प्रमोदिनीबाईही होत्या. मारुतीरावांनी चष्मा काढला. तो पुसायला हातात काही नव्हतं, म्हणून परत लावला.

"यंत्र बिघडलं नव्हतं," ते म्हणाले. आवाज बारीक आला, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाले. "यंत्राचा काही दोष नव्हता. त्या भांड्यात रोज सकाळी अर्घ्याचं पाणी पडत होतं. माझ्या घरातलं. ती बिचारी माझीच पाटी पाळत होती. पहाटपाऊस वगैरे काही नाही. मला त्याच दुपारी कळलं होतं, आणि तरी मी बिघाड म्हणून लिहिलं. लोक हसतील म्हणून."

कुणी हसलं नाही. तेही मारुतीरावांना फार जड गेलं. शकू त्यांच्याकडे बघत होती.

"म्हंजे यंत्र खरा बोलत व्हता?"

"हो."

"न तुमी खोटा."

"हो."

शकूने चौकट सोडली आणि जिन्याकडे बघून हाक मारली, "या रं कोन कोन येतं ते. धरा खुर्ची."

राजरत्न पहिला उतरला. सुमेधाताईंनी आपल्या घरातून ओढणी आणली आणि पंढरीच्या पायांवर नीट पांघरली. पहिल्या मजल्याच्या वळणावर खुर्ची पोहोचते न पोहोचते तोच फाटकाखालून पाण्याची पहिली जीभ आत आली. चिखलाची, प्लास्टिकच्या पिशव्या वाहून आणणारी. बघता बघता शकूचा पाट तरंगायला लागला. मग भोंगा नसतानाही सगळे धावले. तळमजल्यावरची धान्याची पिंपं, गादी, टीव्ही, देव, सगळं हातोहात वर आलं.

दुपारपर्यंत तळमजल्याची खिडकी अर्धी पाण्यात होती. मारुतीरावांच्या हॉलमध्ये त्यांच्याच आरामखुर्चीत पंढरी बसला होता, शकू त्याचे पाय कोरडे करत होती. घर माणसांनी भरलेलं, आणि मारुतीराव स्वतःच्याच घरात दाराशी उभे होते, कुणीतरी 'बसा' म्हणण्याची वाट बघत. ते कुणी म्हटलं नाही. त्यांनी कृतिकाला संदेश लिहायला घेतला. 'तांत्रिक कारणास्तव' असं लिहून खोडलं, 'गैरसमजातून' असं लिहून खोडलं. शेवटी लिहिलं, 'तुझं यंत्र खरं होतं. मी खोटं लिहिलं. माफ कर. मारुती घाग.' 'आज्ञेवरून, सचिव' हे त्यात नव्हतं. तेच त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलं आणि हॉलमधल्या सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले. सगळ्यांनी वाचलं आणि कुणी वर बघितलं नाही.

तेवढ्यात टण्ण असा आवाज आला. पंढरीने तिपाईवरचा पेला उचलून खुर्चीच्या हातावर वाजवला होता. तो शकूकडे बघून काही बोलला.

"काय म्हणतो तो?" मारुतीरावांनी विचारलं.

"काय नाय काका, च्या पायजे बोलतंय. थांबा, मी टाकतंय."

पण तोवर मारुतीराव स्वयंपाकघरात पोहोचले होते. त्यांनी पातेलं चढवलं, दूध ओतलं, साखरेच्या डब्याचं झाकण उघडलं. प्रमोदिनीबाई मागून आल्या आणि नेहमीच्या सवयीने मापाचा चमचा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. मूठ भरून साखर टाकली, आणि पेला पुन्हा वाजायच्या आत चहा उकळावा म्हणून गॅस मोठा केला.